पट्टी धरणारी

आई गेली त्याच वर्षी बाबांचे डोळे गेले. काचबिंदू आधीपासून होता, पण तिच्या आजारपणात त्यांनी स्वतःचे थेंब घालायचे सोडले आणि पुढे डॉक्टरांनी हात टेकले. मग कलकत्त्यातल्या आमच्या बागबाजारच्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून ते बसू लागले आणि बोलेनासे झाले. चहा दिला तर घ्यायचे, विसरला तर मागायचे नाहीत. एकदा माझी बायको म्हणाली, "बाबा हल्ली चिडतसुद्धा नाहीत हो." ज्यांचा राग सगळ्या गल्लीला तोंडपाठ होता त्यांच्याबद्दल हे ऐकून मी घाबरलो. आईच्या मागोमाग तेही जाणार, असं मला वाटायला लागलं.

बाबांनी जन्मभर लेव्हल घेण्याचं काम केलं. कुठली जमीन उंच, कुठली सखल, पाया सपाट आला की नाही, हे तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायचं. आणि समोर दूरवर कुणीतरी आकड्यांची उंच लाकडी पट्टी उभी धरायची. नोकरीत पट्टी धरायला माणसं होती. रविवारी मात्र ते ओळखीच्यांच्या घरबांधणीची कामं करत, आणि तेव्हा पट्टी धरायला आई असे. पदर खोचून, डोक्यावर ओला टॉवेल टाकून ती उन्हात उभी राही. पट्टी नुसती धरून भागत नाही. ती सावकाश पुढेमागे डोलवावी लागते, म्हणजे दुर्बिणीतून सर्वांत कमी दिसतो तो आकडा खरा, कारण तेव्हाच पट्टी अगदी सरळ असते. आकडा मिळाला की बाबा दोन्ही हात डोक्यावर नेत. त्याचा अर्थ, झालं, पट्टी खाली घे. एवढ्या अंतरावर हाक ऐकू जात नसे, म्हणून त्यांनी ही खूण ठरवली होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेहालाला एका कारखान्याची मोठी शेड उभी राहत होती आणि तिथल्या फरशीचं काम माझ्याकडे होतं. परदेशातून आलेल्या यंत्रांच्या पेट्यांबरोबर लेसरचं एक लेव्हलही आलं. तिपाईवर ठेवून त्याच्या काचनळीतला बुडबुडा मधोमध आणला की त्याचं डोकं गरगर फिरू लागे आणि चहूकडे एकाच उंचीवर लाल किरण टाकी. उजेडात किरण दिसत नसे. तो ओळखायला पट्टीवर एक लहानशी डबी बसवायची. किरण डबीच्या वर किंवा खाली पडला की ती तुटक वाजे, बरोबर मध्ये पडला की सलग. दुर्बिणीला डोळा लावायला कुणी लागतच नसे. बॅटरीवर चालत असल्यामुळे लोडशेडिंगचीही फिकीर नव्हती.

एका संध्याकाळी जेवताना मी हे सगळं बाबांना सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं समजूनच सांगत होतो.

"उलटं फिरवून तपासलंस का?" बाबा एकदम म्हणाले.

यंत्र उलट्या दिशेला फिरवूनही बुडबुडा मध्येच राहतो का, हे बघितल्याशिवाय ते कुठल्याच लेव्हलवर विश्वास ठेवत नसत; जित्याची खोड, दुसरं काय. तपासलं होतं, तसं मी सांगितलं, आणि ते पुन्हा गप्प व्हायच्या आत म्हटलं की रविवारी बघायला चला. बोललो आणि जीभ चावली.

"बघायला?" ते म्हणाले.

"ऐकायला," मी म्हणालो.

रविवारी आम्ही दोन ट्रॅम बदलून बेहालाला गेलो. काम बंद होतं. एक दरवान तेवढा होता, त्याने बाबांना बसायला स्टूल आणून दिलं, पण ते बसायला तयार नव्हते. मी तिपाई रोवली तर खाली वाकून त्यांनी एकेक पाय चाचपला. कलकत्त्याच्या मातीचा त्यांना कधीच भरवसा नव्हता. इथली जमीन दुपारी एक सांगते आणि संध्याकाळी दुसरं, असं ते म्हणत. त्यांच्या समाधानासाठी मी प्रत्येक पायाखाली वीट दाबून बसवली. मग स्क्रू फिरवत बुडबुडा मध्ये आणला आणि काय करतोय ते मोठ्याने सांगत गेलो. यंत्र सुरू झाल्यावर त्यांनी मान कलती करून त्याची घरघर ऐकली.

मी त्यांच्या हातात पट्टी दिली तेव्हा ते गोंधळले. आयुष्यभर ते दुर्बिणीच्या बाजूला राहिलेले, पट्टी त्यांनी कधी धरलीच नव्हती. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला मी त्यांना नेऊन उभं केलं आणि डबीवर हात ठेवून दिला.

"तू जा," ते म्हणाले. "यंत्रापाशी माणूस पाहिजे."

नको होता. तरी मी गेलो.

त्यांनी डबी खाली सरकवली, वर सरकवली. तुटक, पुन्हा तुटक, आणि मग सलग. तिथे त्यांनी ती पक्की केली. मग पट्टी पुढेमागे डोलवू लागले. कलली की सूर तुटे, सरळ झाली की जुळे. बऱ्याच वेळाने त्यांनी डोलवणं थांबवलं आणि पट्टी सरळ धरून ते उभे राहिले. उभेच राहिले.

मी नकळत दोन्ही हात डोक्यावर नेले. मग लक्षात आलं की ही खूण बघायला त्यांना डोळे नाहीत. तशीही ती माझी खूण नव्हतीच. मला रडू फुटलं. तसाच चालत मी त्यांच्यापर्यंत गेलो.

पावलं ऐकून ते म्हणाले, "झालं का?"

"झालं बाबा. खाली घ्या."

त्यांनी पट्टी सोडली नाही.

"ती कधी विचारायची नाही," ते म्हणाले. "मी आकडा लिहीत बसायचो, मालकाशी बोलत बसायचो, हात वर करायचं विसरायचो. ती आपली डोलवत उभी. मला वाटायचं, पट्टी धरायला काय लागतं."

त्यांचे हात थरथरत होते आणि डबी तुटक वाजत होती. आई गेल्यापासून बाबा रडले नव्हते, ते तिथे रडले. मी पट्टी घ्यायला गेलो तर त्यांनी घेऊ दिली नाही. जरा उभं राहू दे म्हणाले. दरवान लांबून बघत होता, त्याला मी हातानेच थांबवलं. हळूहळू त्यांचे हात स्थिर झाले आणि सूर पुन्हा सलग झाला. मग त्यांनी स्वतःच पट्टी खाली घेतली.

घरी आल्यावर खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी चहा मागितला. माझ्या बायकोने घाईघाईने करून दिला, आणि तो पाणचट झालाय म्हणून ते तिच्यावर चिडले.