सुलभा का गेली

वैशू, मी घर सोडलं तेव्हा तुझं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. तुझ्या रुखवताची लाल रिबीन कापून बाबांनी माझ्या बॅगेला बांधली, तिकडे एअरपोर्टवर चटकन ओळखू यावी म्हणून. आत्या दारातच कडाडली, "बहिणीच्या डोक्यावर अक्षता न टाकता चाललीस? एवढं काय अडलंय?" आई एवढंच म्हणाली, "तिला जायचंय." इथल्या नोकरीचं जॉइनिंग पुढे ढकलता आलं असतं गं. मी विचारलंच नाही, हे आज तुला सांगते.

यंदा इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये मराठी मंडळाच्या गणपतीसाठी मी एकांकिका लिहिली. नायिका सुलभा. बहिणीचं लग्न टाकून परदेशी जाते, आणि मागे वळूनही बघत नाही. आमच्या बेसमेंटमध्ये वाचन झालं. एकांकिका बसवणारे देशमुखकाका म्हणाले, "अगं, ही बाई कुणालाच आवडणार नाही. एक फ्लॅशबॅक ॲड कर ना. बाप दारुडा दाखव, मारझोड दाखव. ऑडियन्स लगेच तिच्या बाजूने होईल."

मी लिहिला. खोटं कशाला बोलू, सुलभा सगळ्यांना आवडावी असं मलाही फार वाटत होतं. बाटली, शिव्या, हुंदके, सगळं झकास जमलं. तालमीत दोन काकूंनी डोळे पुसले. मला मात्र उकिडवे बसून रिबिनीला गाठ मारणारे बाबा दिसत होते. त्या माणसाने आयुष्यात आमच्यावर आवाज चढवला नाही, आणि मी चांगली दिसावी म्हणून त्यालाच दारुडा करून बसले होते. लाज वाटली.

"काका, फ्लॅशबॅक कॅन्सल," मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"मग ती जाते कशाला?"

"तिला जायचंय."

फ्लॅशबॅकच्या जागी आता बाप मुकाट्याने बॅगेला लाल रिबीन बांधतो. प्रयोगाला टाळ्या बेताच्याच पडल्या. पार्किंगमध्ये एक काकू बोललीच, "बाई आगाऊच होती हं." असेल. तुला तसं वाटत असेल तर रागावायचा हक्क तुझाच आहे. पण मला घराला नावं न ठेवता घर सोडता आलं, आणि म्हणून आजही तिथे ताठ मानेने येता येतं. आईबाबांचे हे उपकार मला इतक्या उशिरा कळले.

व्हिडिओ बाबांना पाठवला होता. त्यांचा फोन आला. सुलभाबद्दल चकार शब्द नाही.

"त्या बापाने एकच गाठ मारली," म्हणाले. "मी दोन मारल्या होत्या."