एकसुद्धा काजू नाही

गोव्यात, पेडण्यातल्या धारगळला हायवेच्या कडेला आमची खानावळ आहे. नवरा गल्ल्यावर, मी चुलीकडे. माझ्या हाताला चव आहे हे मी स्वतःच सांगते. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसले तर जेवण गार व्हायचं.

जवळच्या शाळेत वाळपईची एक शिक्षिका बदलून आली. मी तिला बाय म्हणायची, ती मला मावशी. मधल्या सुट्टीत यायची, चहा मागवायची आणि पर्समधून स्वतःचा डबा काढायची. सकाळी सहाला भरलेला, गारढोण भात. खानावळीत बसून घरचा डबा! दोन आठवडे मी कसंबसं सोसलं, मग राहवेना.

"काय गो बाय, मी जेवणात विख घालतंय असा वाटता काय तुका?"

ती हसली. "तसा नाय गो मावशी. माका काजू जमत नाय. जरासो पोटात गेलो तरी घसो सुजता, श्वास अडकता. म्हणून भायर खायतच नाय."

पेडण्यात काजू न सोसणारं माणूस मी जन्मात बघितलं नव्हतं. उष्ण पडत असतील, असं मी मनात म्हटलं आणि तिला सोमवारचं आमंत्रण देऊन मोकळी झाले. सोमवारी आमचं स्वयंपाकघर शिवराक, म्हणजे मासळी अजिबात नाही. टोप वेगळे, वाढायच्या दवल्या वेगळ्या, ओटा आदल्या संध्याकाळी घासूनपुसून लख्ख. माझ्या डोक्यात एकच: याहून स्वच्छ जेवण कुठे मिळणार? खरं तर माझ्या माशाच्या हुमणात काजूचा मागमूस नसतो, आणि सोमवारीच टोपभर काजूचं तोणाक शिजतं, भाजलेल्या खोबऱ्याच्या दाट वाटपातलं. पण हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

सोमवारी ती आली. डबा आणला नव्हता, ते बघून मला केवढा आनंद झाला! आमच्याकडे कुणाला फोडी नको असल्या की त्या बाजूला सारून नुसता रस वाढतात. त्यात त्या माणसाची सोय झाली असं सगळेच धरून चालतात. मीही तेच केलं. दवलीतून एकेक काजू निवडून परत टोपात टाकला आणि रस तिच्या भातावर घातला.

"काजू नाय मा, मावशी?"

"एकसुद्धा नाय," मी म्हटलं. तिच्या ताटात खरोखरच एकही काजू नव्हता.

चार-पाच घास झाले असतील. तिने हात थांबवला, ओठ चोळले. बघता बघता डोळे सुजले, आवाज घोगरा झाला. तिने पर्समधून इंजेक्शन काढलं आणि स्वतःच मांडीत टोचून घेतलं. नवऱ्याने व्हॅन काढली, मी तिला धरून मागे बसले. वाटभर तिने माझं मनगट सोडलं नाही. मी सगळ्या देवांना हाका मारल्या, ज्यांना एरवी नुसतं हळदकुंकू वाहते त्यांनासुद्धा.

दवाखान्यात आणखी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. तिचा श्वास सुधारला तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, काजू काढून वाढलं होतं. "आणि रस?" ते म्हणाले.

बाकड्यावर बसल्या बसल्या मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. माशाची दवली चुकून भाज्यांच्या शिवराक खतखत्यात बुडली, तर मासा काढून टाकला म्हणून ते खतखतं मी कुणाला वाढलं असतं? अख्खा टोप ओतून दिला असता, वर घर डोक्यावर घेतलं असतं. सासूने हेच मला पहिल्या वर्षात शिकवलं होतं. देवासाठी जे मला पक्कं ठाऊक होतं, ते या मुलीच्या जिवासाठी आठवलं नाही.

मग मी तिच्यासाठी तिसरी भांडी मांडली. टोप, दवली, मिक्सरचं भांडं, खिडकीखालच्या फळीवर एकटी. काजूचा डबा सगळ्यात खाली, आणि तिचं जेवण सकाळी तो डबा उघडायच्या आधी तयार. नवरा म्हणाला, "देवाची भांडी झाली, माशाची झाली. ह्यो तिसरो देव इलो घरात." पण गल्ल्यामागच्या फळ्यावर कशात काजू, कशात शेंगदाणे, कशात सुंगटं म्हणजे कोळंबी, हे रोज त्यानेच लिहायला घेतलं.

तीन आठवड्यांनी ती आली. मी जेव म्हटलं नाही, नुसती आत नेली. तिने झाकणं उघडून बघितली, शंभर प्रश्न विचारले. दुधाने तोंड पोळलेलं, ताक फुंकणारच. मग हात धुतले आणि बांगड्याचं हुमण-भात दोनदा मागून घेतला. बोटं चाटत होती. मी आडून बघत राहिले, पोट माझंच भरलं.

त्यानंतर ती रोज यायला लागली. एका शुक्रवारी ती टेबलावर बसली, हात धुऊन, भुकेलेली. मी ताट घेतलं, तेवढ्यात माझ्याकडे कामाला असलेली कोल्हापूरची बाई पुढे आली. "ताई, आजचं वाटण मी कुठल्या भांड्यात वाटलं, आठवत न्हाई बघा. काजूच्याच असंल." ती घाबरली होती. तरी बोलली, म्हणून मी तिला तिथल्या तिथे मिठी मारली.

बाहेर येऊन म्हटलं, "बाय, आज माझ्याकडे जेवू नको. माझी खात्री नाय."

डोळे भरून आले तिचे. "मावशी, लग्नात, पावण्यांकडे, सगळीकडे माका 'खा गो, काय होवचा नाय' असाच सांगतत. जेवू नको म्हणणारी तू पयलीच."

समोरच्या गाड्यावरून तिने केळी घेतली आणि शाळेकडे पळाली. जाताना उद्याचा वायदा करत ओरडली, "फाल्यां येतंय!"

मी दारात उभी होते. माझ्या खानावळीतून कुणी न जेवता गेलं, आणि मला बरं वाटलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.