क्रेनवर बसून केलेला व्यायाम

प्लांटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझं बीपी दोनदा मोजलं, रोजची गोळी लिहून दिली आणि सांगितलं, तीन महिन्यांनी परत या. तेव्हाही हेच निघालं तर क्रेनवरून उतरावं लागेल. मी क्रेन ऑपरेटर. वितळलेल्या पोलादाने भरलेलं लॅडल, म्हणजे अवाढव्य बादली, उचलत, शेडच्या छताजवळच्या केबिनमध्ये अर्धं आयुष्य गेलेलं. खाली येऊन कुणाच्या टेबलाशी हजेरी लिहीत बसायचं, या विचारानेच बीपी आणखी चढलं असणार.

मग सुपेल्याच्या बाजारातून मनगटावरचं घड्याळ आणलं. मोबाइलमध्ये त्याचं अ‍ॅप आणि अ‍ॅपमध्ये एक एआय कोच. त्याने आधी माझी माहिती विचारली. वय खरं सांगितलं, वजनाच्या बाबतीत जरा स्वतःची भीड ठेवली आणि कामाच्या प्रकारात बिनदिक्कत ‘अंगमेहनत’ निवडलं. आमच्या कॅम्प-१ वस्तीत प्लांटात जाणारा माणूस मेहनतीचाच धरतात. तो ड्युटीभर खुर्चीत बसतो, हे विचारतो कोण?

पहिल्याच आठवड्यात कोच खूश. भरपूर चालता, हृदयाची गती छान वाढते, असंच चालू ठेवा. मी ठेवलं. शाबासकीबद्दल ड्युटीवरून येताना पोहे-जलेबी. शाबासकी रोज मिळायची, मग जलेबीही रोज.

“तुमी चालता तं कवा चालता?” बायकोने एकदा विचारलं. “जाता स्कूटरवर, येता स्कूटरवर. पँटचं हुक मले पुन्हा सरकवा लागलं.”

“मशीन आहे ते. खोटं कावून बोलन?”

“तुमी जे सांगान तेच त्याले मालूम!”

काही दिवसांनी कोचचा सूर बदलला. त्याने लिहिलं, तुमचं सगळं चालणं ड्युटीच्या वेळेतच दिसतं, सुट्टीच्या दिवशी जवळजवळ काहीच नाही. शिवाय त्यात पावलांची लय नाही, नुसते हादरे आहेत. त्या वेळी तुम्ही एखाद्या यंत्रावर बसलेले असता का? आसपास खूप उष्णता असते का?

हादरे क्रेनचे होते. छाती धडधडायची ती गरमीने, केबिनचा एसी अर्धा वेळ बंदच असतो. मी बसून पोलाद बघत होतो आणि कोचला वाटत होतं, माणूस पळतोय.

बायको मागे उभी राहून वाचत होती. “हे तं मी कवाची सांगून राहिली!”

“हो, पण त्यानं ग्राफ दाखवला.”

या उत्तरानंतर जो बिनसाखरेचा चहा समोर आला, तो आजतागायत तसाच येतो.

मग कोचला खरं काम सांगितलं, खरं वजनही. तो रागावला नाही. म्हणाला, ड्युटीचे तास व्यायामात धरू नका, गरमीत पाणी पीत जा, बीपीचं डॉक्टरांनाच विचारा आणि सकाळी अर्धा तास खरोखर चाला. सकाळी चालताना मोबाइल घरी ठेवतो. तो सोबत असला की जलेबीचे पैसे देता येतात.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टा दंडाला गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा बघितला. म्हणाले, उतरलंय, क्रेन चालवा, पण गोळी चुकवू नका. व्यायाम कुठे करता?

“जमिनीवर,” मी म्हणालो.

त्या दिवशी शिडी चढून केबिनमध्ये बसलो, घड्याळ काढून डब्याच्या पिशवीत टाकलं आणि पहिलं लॅडल उचललं.