बुवा, वीणा द्या

आमच्या वाडीतला पहिला बी. ए. मी. हे आधीच सांगून टाकतो. लोकांना ते माझ्या तोंडून ऐकायला आवडत नाही, पण मला सांगायला संकोच वाटत नाही. मिरजोळ्याच्या पुढे, आत डोंगराकडे आमचं गाव. जमीन सगळी खोताची आणि आम्ही त्याची कुळं. वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण ते भजनाला उभे राहिले की चार वाड्यांची माणसं ऐकायला यायची. त्यांना सगळे बुवा म्हणत.

हा बुवा म्हणजे नेमका कोण, ते मला बरीच वर्षं उमगलं नाही. धाकटी बहीण रडायला लागली की आई म्हणे, "गप ऱ्हा, न्हायतर बुवा येल," आणि तेवढ्यात खरोखरच बुवा, म्हणजे आमचे वडील, खांद्यावर कोयती टाकून दारात उभे. बहीण रडायची थांबून हसायला लागे. पुढे शाळेसाठी रत्नागिरीत राहिलो. तिथल्या देवळात रेशमी उपरणं घेतलेले कीर्तनकार येत. तेही बुवाच, पण त्यांना आणायला गाडी जाई आणि समईजवळ पाट मांडला जाई. आमच्या मास्तरांना एखादं उत्तर आलं नाही की "मला नाही बुवा ठाऊक" म्हणून तेही मोकळे होत. मग आगबोटीने मुंबईला गेलो आणि गिरणीत कामाला असलेल्या काकांच्या खोलीवर राहून कॉलेज केलं. चाळीतल्या भजनी मंडळाचा बुवा देवरूखकडचा होता. दिवसभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राही आणि शनिवारी पेटीवर बसे. कॉलेजात मात्र बुवा म्हणजे अंगारा देऊन बायाबापड्यांना नादी लावणारा भामटा. त्या विषयावर मी भाषण ठोकलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्यातलं एक वाक्यही मी आज मागे घेणार नाही.

खोताच्या तोंडीही हा शब्द असे. एरवी तो वडिलांना नावाने हाक मारी, तीही अर्धी तोडून. पण खळ्यावर चार माणसं जमली की म्हणे, "काय बुवा, गळा चालतो तसे हात चालव की जरा!" माणसं हसत. वडीलही हसत. मी हसत नसे.

मी परीक्षा पास होऊन गावी आलो त्या वर्षीच्या कार्तिकातली ही गोष्ट. भातं घरात आली की ग्रामदेवतेच्या देवळात सप्ताह बसे. सात दिवस, रात्रंदिवस भजन. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. ती जमिनीला लागू द्यायची नाही आणि ज्याच्या गळ्यात ती असेल त्याने बसायचं नाही. लागलीच तर सप्ताह मोडला, आणि मग वर्षभरात गावात गुरं मेली, पोरं दगावली, तर बोट त्याच घराकडे. वीणा घ्यायची रीतही ठरलेली. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचं आणि म्हणायचं, "बुवा, वीणा द्या." हे म्हटल्याशिवाय वीणा सुटत नाही. मग ती गळ्यात पडली की देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पाया पडायचं. वीणा ज्याच्या गळ्यात तो बुवा. मग तो कुणाचा कोण, वयाने केवढा, हे विचारायचं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी, काल्याच्या आधीचा पहारा, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायची पाळी, खोताचा मानाचा. त्याच्या आधी पूजा सांगणारे भटजी उभे राहत. खोत भटजींच्या पाया पडे, त्यात कुणाला काही वाटत नसे. पण त्या वर्षी भटजींना हिवताप भरला. सातव्या दिवशी सकाळी वडील आपल्या पहाऱ्यासाठी देवळाकडे निघाले होते, तोच वाडीतले म्हातारे सांगत आले, "बुवा, भटजींचा पहारा पन तुमीच काढा. तुमच्याबिगर कोन उभा ऱ्हानार येवडा येळ?" वडील बरं म्हणाले. म्हातारे निघून गेले. पुढचा विचार त्या सगळ्या जाणत्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. तो आला आईच्या.

"मंग खोतान् ईना कोनाकडना घेवाची?"

वडील मुंडासं बांधत होते. "माझ्याकडना."

"तो तुमच्या पाया पडंल?"

"माझ्या कशाला? ईनेच्या."

"ईना शेत देनार हाय कसाला? त्यानं हात पुडं केलान की मुकाट देवन टाका."

 मी मध्ये तोंड घातलं, "आबा, आई म्हणते ते बरोबर आहे. एका शब्दासाठी कशाला अडायचं?"

"तुला शबूद सवस्त झालेत," ते म्हणाले. "लय शिकलास ना." चेष्टेनेच म्हणाले, पण डोळे हसत नव्हते.

दुपारी खोत पीतांबर नेसून आला. मंडप भरलेला. वडील सकाळपासून उभेच होते. आपला पहारा, त्यावर भटजींचा. खोत समोर आला आणि त्याने हात पुढे केला. वडिलांनी डोळे मिटलेले. गाणं चालूच.

"दे."

टाळ वाजत राहिले.

"अरे, ऐकू येत नाही का? दे इकडे!"

वाडीतला एक म्हातारा अदबीने पुढे झाला. "खोतांनू, तेवडा बोलाया लागता. रीत हाय."

"माझ्या कुळाला मी बुवा म्हणू? भर देवळात?"

खळ्यावर ज्याने तो शब्द शंभरदा उडवला होता, त्याच्या ओठांबाहेर तो तिथे पडेना. त्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी डोळे उघडले, मान किंचित लववली, आणि पुढचं चरण घेतलं. त्यांनी अडवलं नाही की उद्धटपणा केला नाही. फक्त वाट पाहिली.

"मग राहा तसाच उभा," खोत म्हणाला आणि पायऱ्या उतरून चालता झाला.

आता पंचाईत झाली. पहारा खोताचा, तो दुसऱ्या कुणी घ्यायचा म्हणजे खोताशी वैर. मंडपातला जो तो कुळ. जो तो टाळाकडे बघत जोरजोरात वाजवायला लागला. पहारा सरल्याशिवाय काला फुटायचा नाही. वडिलांचा आवाज फाटू लागला. मग त्यांची डावी पोटरी थरथरताना मला दिसली. ते खांबाकडे सरकले, पण टेकले नाहीत. बायकांच्या घोळक्यात आई उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, कुणाकडेच पाहत नव्हती.

मी चपला बाहेर काढून आत गेलो. सप्ताहात एकदाही टाळ हातात न घेतलेला मी, मुंबईचा कोट घातलेला. वडिलांसमोर वाकलो. त्यांचे पाय सुजले होते, बोटांच्या बेचक्यांत बुक्का आणि झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. घरात मी त्यांना आबा म्हणे. बुवा ही हाक मी त्यांना कधीच मारली नव्हती.

"बुवा, वीणा द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वीणा गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. मला वाटलं होतं त्याहून ती पुष्कळ हलकी होती. तोवर रीतीचा उरलेला भाग मी विसरून गेलो होतो. वडील वाकले. मी मागे सरकणार, तोच त्यांनी माझे घोटे घट्ट धरले आणि कपाळ माझ्या पायांवर टेकलं. "हलू नको," खालूनच म्हणाले, "ईना हाय गळ्यात."

पहारा सरेपर्यंत मी उभा राहिलो. मला गाता येत नाही. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं. मग काला फुटला.

पुढच्या पेरणीला ओढ्याकाठचा आमचा भाताचा मळा खोताने दुसऱ्याला कसायला दिला. आमच्याकडे डोंगरावरची वरकस तेवढी राहिली, नाचणी-वरीपुरती. आईने मला बोल लावला नाही. पण भाताची कणगी रिकामी झाली तेव्हा ती धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवली आणि पुन्हा काढली नाही. मला रत्नागिरीत मास्तरकी मिळाली म्हणून घर चाललं.

मास्तरकीतल्या पहिल्या सुट्टीत मी वडिलांबरोबर वरकशीत नांगर धरायला गेलो होतो. खालच्या पायवाटेने खोत दोघा-तिघांबरोबर चालला होता. वडिलांना पाहून तो थबकला. एरवी इथे चेष्टा ठरलेली. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि तो पुढे गेला. त्यानंतर वडील असेपर्यंत त्याने त्यांना ना नावाने हाक मारली, ना बुवा म्हटलं.

"बोलला नाही काही," मी म्हणालो.

"बरा झाला," वडील म्हणाले आणि बैलांना हाक घातली.