कपल्स ट्रिप, पण बायका एका खोलीत!

परवा रविवारी रवीच्या बेसमेंटमध्ये मी भांडले... चांगली कडाडून भांडले. विषय होता कोरियातली पानगळ.

झालं असं, की ऑगस्टमध्ये आमची लेक कॉलेजसाठी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला गेली आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरात मी आणि माझा नवरा मिलिंद, दोघंच उरलो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, आमच्या सगळ्या बोलण्याचा विषय तीच होती... तिचे क्लास, तिची ड्रायव्हिंग टेस्ट, तिचे मूड. आता जेवताना एकच वाक्य उरलं होतं : "उद्या ट्रॅश बाहेर ठेवायचाय."

मला हे मान्य नव्हतं. संसार म्हणजे मूल वाढवायचं कंत्राट नव्हे, की मूल मोठं झालं आणि काम संपलं! मी ठरवलं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिवळ्या झाडांखाली सोलमध्ये फिरायचं. दोघांनीच.

सोलच का? कारण तिथे आमचं कोणीही नाही. न्यू जर्सीत माझी बहीण, बे एरियात त्याचा भाऊ... या देशात कुठेही जा, मुक्काम कोणाच्या तरी गेस्टरूममध्येच.

चूक एकच झाली. ही गोष्ट मी आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, बोलले.

"अरे वा, आम्हीपण येतो!" माझी पावभाजी संपायच्या आत आम्ही चार जोडपी झालो होतो. घरी पोचेपर्यंत 'कोरिया कपल्स' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होता आणि त्यावर राइस कुकर कोणी आणायचा यावर पोल चालू होता. तरीही मी म्हटलं, असू दे... संध्याकाळी तरी आपण दोघं असू.

मग परवाची मीटिंग. रवी म्हणजे मिलिंदचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि माणूस प्लॅनिंगला पक्का. त्याने टीव्हीवर राहण्याची व्यवस्था दाखवली. दोन मोठी अपार्टमेंट्स. एकात सगळ्या बायका, दुसऱ्यात सगळे पुरुष.

"तुम्हाला गप्पा मारता येतील, आम्हाला मॅच बघता येईल," रवी खुशीत म्हणाला. आणि खोटं कशाला सांगू, बहुतेकांनी माना डोलावल्या!

मी उभी राहिले. मंडळात ज्यांनी माझी भाषणं ऐकली आहेत, त्यांना पुढचं माहीत आहे.

"रवी, ही कपल्स ट्रिप आहे की शाळेची सहल?"

"अहो वहिनी, दिवसभर बरोबरच आहात की! आणि इतकी वर्षं एका घरात राहून कंटाळा नाही आला?"

रवीच्या बायकोने, वैशालीने, लगेच सूर मिसळला. "आणि पानं बघायला कोरियाला कशाला गं? थोडं थांब, आमच्या बॅकयार्डमध्ये ढीग पडेल. पानं ओढायला रेक देते, दोघं मिळून करा रोमान्स!"

मीही हसले. पण बसले नाही. म्हटलं, मुलीच्या स्विमिंगच्या स्पर्धांसाठी आम्ही अख्खं मिडवेस्ट पालथं घातलं. आईबाबा आले की नायगारा, सासूसासरे आले की नायगारा... तो धबधबा मला पाठ झालाय! एकमेकांसाठी कुठे गेलो आम्ही? मला माझ्या नवऱ्याबरोबर रस्ता चुकायचाय. तो अजून कशाकशाला हसतो, ते बघायचंय. आणि हे मला लाजत, कुजबुजत सांगायचं नाहीये.

कोपऱ्यातल्या सोफ्यावर नागपूरहून आलेल्या रवीच्या आई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यावर आम्ही पचमढीला गेलो, तर सोबत सासूबाई अन् दोन नणंदा. फोटोत मी ह्यांच्यापासून चौथी उभी आहे. रवी, ते टीव्हीवरचं आधी काढ बाबा."

रवीने टीव्ही बंद केला. मी जाहीर केलं, आम्ही वेगळे जाणार. राग नाही, रुसवा नाही... पण आम्ही दोघंच.

मिलिंद या सगळ्यात खाली मान घालून बसला होता. चारचौघांत तो फारसा बोलत नाही. गाडीतही बोलला नाही. आपल्या घरातली शांतता मी अशी सगळ्यांसमोर मांडायला नको होती का? मनात आलं एकदा. पण माघार घ्यावीशी वाटली नाही. जे खरं होतं, तेच बोलले होते.

घरी आल्यावर त्याने स्वतःहून लॅपटॉप उघडला आणि खुर्ची माझ्या शेजारी ओढली. मी धडाधड दिवस भरायला घेतले... सकाळी राजवाडा, दुपारी जुन्या घरांच्या गल्ल्या, संध्याकाळी टेकडीवर केबल कार. मग त्याने माउस हातात घेतला आणि मधला एक अख्खा दिवस पुसून टाकला.

"अरे, हे काय? त्या दिवशी काय करायचं?"

"त्या दिवशी मी बोलणार आहे," तो म्हणाला. "खूप साठलंय. तू फक्त ऐकायचंस."

इतक्या वर्षांत मला निरुत्तर करणारं कोणी भेटलं नव्हतं. ते माझ्याच डायनिंग टेबलाशी बसलं होतं, याबद्दल मी फार कृतज्ञ आहे.

तिकिटं काढली आहेत. खोली एकच. मी गप्प बसायचा सराव सुरू केलाय... अवघड आहे, पण जमवणार!