सईचा तवा

स्वयंपाकघराचं दार ती कधी हाताने उघडत नसे. कमरेने ढकलायची आणि दोन्ही ओले हात खांद्यापर्यंत वर धरून, कशालाही लागू न देता, थेट आमच्या टेबलापाशी यायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई ऑपरेशन अर्धवट टाकून आल्यात. मग सईकडे बघून म्हणायची, "थांब जरा, बाय. पयलं आयक, काय काय हाय ते." आज तेल कुठलं, चटणी कशात वाटली, तवा कितीदा घासला, हे सगळं सांगून झाल्यावरच आमची ऑर्डर आत जायची.

बोईसर स्टेशनजवळच्या डोसा-इडलीच्या हॉटेलात ती स्वयंपाकीण होती, सगळे तिला मावशी म्हणत. हॉटेल साखळीतलं, हायवेने जाताना अशा सारख्या रंगाच्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. सगळीकडे तीच टेबलं, तोच मेनू, चटणीची चवसुद्धा तीच. ती बाई मात्र आमच्याच शाखेला मिळाली होती.

सई माझी मुलगी. सहा वर्षांची असताना तिला सीलिअ‍ॅक असल्याचं कळलं. म्हणजे गहू, मैदा, रवा यांतलं ग्लुटेन तिच्या आतड्यांना सोसत नाही. पोळीचा चुरा पोटात गेला तरी त्रास. औषध एकच, ग्लुटेन जन्मभर खायचं नाही. घरी आम्ही सांभाळलं, पण घराबाहेर काय? दोन वर्षं ही पोर लग्नात, वाढदिवसात, सगळीकडे आपला डबा घेऊन कडेला बसली. एकदा तिने विचारलं, "बाबा, मी मोठी झाल्यावर पण डबाच?" तिने चारचौघांत बसून ताटातलं गरम खावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या दिवशी वेटरने मला धीर दिला, "टेन्शन मत लो साब, मैदा कम डाल देंगे." मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात आतून ती आली. मी तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासतो. त्यामुळे समजावताना ग्लुटेन, प्रथिनं, सूक्ष्म कण असं बरंच काही बोलून गेलो. तिने मध्येच थांबवलं.

"मासळीची कढई उपासाला चालते?"

"नाही."

"धुतली तर?"

"तरी नाही."

"मंग तेच की. एवढं कशाला शिकवता?"

माझी पंधरा वर्षांची नोकरी तिने दोन प्रश्नांत गुंडाळून ठेवली.

ती शिरगावची, मच्छीमार घरातली. घरात रोज मासळी, म्हणून उपासाची भांडी वेगळ्या फळीवर, आणि त्या फळीला मासळीचा हात लावायचा नाही. तीच फळी तिने हॉटेलात आणली. एक नवा तवा, एक पातेली, एक उलथनं. उलथन्याच्या दांड्याला जाळ्याची हिरवी दोरी बांधलेली, म्हणजे कोणी चुकायला नको. रवा डोशाचा तवा एका टोकाला, सईचा दुसऱ्या टोकाला. पीठ सकाळीच वेगळं काढून झाकलेलं. सईच्या तव्याला कोणी हात लावलाच तर ती ओरडत नसे. मुकाट्याने तवा घासायला घ्यायची आणि त्या माणसाला घासणं संपेपर्यंत शेजारी उभं करायची. मॅनेजरसुद्धा एकदा असा उभा राहिलेला मी पाहिला आहे.

मीही सुटलो नाही. एकदा माझा रवा डोसा मोडता मोडता त्याच हाताने मी सईच्या ताटात चटणी वाढली. ती दारातून बघत होती.

"सायब, लॅबमदी पन असंच करता काय?"

मी निमूटपणे हात धुऊन आलो. ताट बदललं गेलं. सईला हसू आवरत नव्हतं.

असे चार-पाच महिने गेले. सई आता डोशाबरोबर सांबारही खाऊ लागली होती. मधूनच तिचं पोट दुखे. शाळेत कोणाच्या तरी डब्यातलं खाल्लं असणार, असं धरून आम्ही तिलाच रागावलो. "नाही खाल्लं" असं ती रडून सांगत होती, तरी आमचा विश्वास बसेना. पोरीने हे जाऊन स्वयंपाकघराच्या दारात मावशीला सांगितलं, ते आम्हाला फार नंतर कळलं.

पुढच्या रविवारी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिंगाचा डबा होता.

"सायब, हे वाचा."

डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं, हिंग त्याच्यानंतर. हिंग असा पिठात मळलेला असतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी कोणाला त्याचा वास आवडत नाही, म्हणून घरात डबाच नाही. मला, नमुने तपासणाऱ्याला, हे सुचलं नव्हतं. तिने मात्र आठवडाभर आतला एकेक डबा कॅशियरकडून वाचून घेतला होता.

"सांबारात हाच जातो," ती म्हणाली. "पोरीला मीच वाढलं. चूक माझी हाय."

मॅनेजर लगबगीने आला. टेबलं सगळी भरलेली. "मावशी, आत चला, नंतर बोलू," तो दबक्या आवाजात म्हणाला.

ती जागची हलली नाही. "नंतर कशाला? पोट तिचं दुकलं, तिलाच सांगायला नको?" मग सईपुढे वाकून म्हणाली, "बाय, तू खोटं नव्हतीस बोलत. आमीच चुकलो."

गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. बोलल्याने नोकरी जाण्यासारखी होती, हे तिला ठाऊक होतं. मला राग आला, पण तो स्वतःचा. तिच्याकडे बघून मात्र ऊर भरून आला, आणि आजही हे सांगताना येतो. मी त्याच टेबलावर सईची माफी मागितली.

मॅनेजरने आठवडाभर तिला काढायची भाषा केली. तिचं उत्तर ठरलेलं, "काढा. पन पयला हिंग काढा." शेवटी हिंगच गेला. सांबार खाणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाच्या ते ध्यानात आलं नाही. पुढे वैतरण्याहून एक जोडपं सईसारखाच आजार असलेल्या आपल्या मुलीला घेऊन यायला लागलं, मग डहाणूचे एक शिक्षक. साखळीच्या पालघर शाखेने तिला दोन दिवस शिकवायला बोलावलं, तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून आणि आपली घासणी पिशवीत घालून गेली.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि तिने काम सोडलं. आता आत तिच्याच हाताखाली शिकलेला एक बिहारी स्वयंपाकी आहे. तोही बाहेर येऊन सगळं सांगतो, हिंदीत, पण एक गोष्ट गाळत नाही. तरी सई दाराकडे बघत राहते. बारा वर्षांची झाली आहे ती आता.

या थंडीत आम्ही शिरगावला तिच्या घरी गेलो. तिने जेवायलाच बोलावलं होतं. ती चुलीपाशी पाटावर बसून तांदळाच्या भाकरी थापत होती, सून बोंबलाचं कालवण वाढत होती. सवयीने मी विचारून बसलो, "पीठ कुठल्या गिरणीतलं?"

सून हसली. "गिरनीत गहू पडतो म्हनून तांदूळ धुऊन घरीच मिक्सरला लावला आयनी. आनि तुमी येनार कळलं तवापासून तीन दिस घरात चपाती नाय. पोरांना बिस्कीट पन अंगनात बसून खायला लावलंन."

भाकरी थापता थापता ती मान वर न करता म्हणाली, "मंग? पोरगी घरात जेवनार हाय."

सईने दुसरी भाकरी मागितली.