माइकवरचा हिरामण

पोशीरचा हिरामण चढाईला निघाला की मैदानाच्या कडेला बसलेली माणसं पाय आखडून घ्यायची. त्याची उलटी लाथ समोरच्याला लागल्यावरच कळायची. साठ सालाच्या सुमारास तो मोहोपाड्याच्या एका कारखान्यात लागला, तो कबड्डीच्या जोरावरच. मी तिथंच कारकून होतो आणि संघाचे गुण लिहायला जायचो. त्यामुळं त्याचा खेळ जवळून पाहिला, आणि रागही.

पंचानं बाद दिलं की हिरामण आधी पंचाच्या अंगावर जाई. त्याला धरायला आम्ही दोघं-तिघं तयारच असायचो.

अडुसष्ट साली कशेळ्याला अंतिम सामना होता. एका गुणाचा फरक, शेवटची चढाई. हिरामणनं दोघांना टिपलं आणि मध्यरेषेवर झेप घेतली. पण त्याआधीच पंच धोंडी गुरुजींची शिट्टी झाली होती. पाय बाजूच्या रेषेबाहेर गेला, बाद! हिरामणनं गुरुजींना ढकललं. साठीचा माणूस उताणा पडला. सामना तर गेलाच, वर हिरामणला दोन वर्षांची बंदी आली.

परतताना टेंपोत तो धुसफुसत होता. त्याची बायको सुंदरा समोरच बसली होती. ती म्हणाली, "पाय भाईर हुता तुमचा. मी रेघंच्या बाजूलाच बसले हुते."

"तू गप गं."

"गप बसते. पर पाय भाईरच हुता."

दुसऱ्या रविवारी तो एकटाच कशेळ्याला गेला. गुरुजींशी काय बोलणं झालं, ते त्यानंच मला सांगितलं. "मी पाया पडलो. गुर्जी म्हनाले, तुला समद्यांचे पाय दिसतात रं, आपलाच दिसत नाय. आता दोन वरसं कडंला बसून बघ."

तो खरंच बसला. बंदी उठल्यावर चार हंगाम खेळला. चिडका तेवढाच, पण पंचाला पुन्हा हात लावला नाही. मग गुडघा गेला.

खेळ थांबला, तरी तोंड थांबेना. "आता डाव्या कोपऱ्यातला गडी पट काढून पाय धरनार, बघ!" असं तो कडेवरून आधीच ओरडायचा, आणि व्हायचंही तसंच. खेळाडू वैतागले. शेवटी नेरळच्या स्पर्धेत आयोजकांनी त्याच्या हातात माइकच दिला. "ओरडायचंय ना? सगळ्यांसाठी ओरड. पण चढाई संपल्यावर."

पकड का सुटली, दम कुठं तुटला, हे तो असं उलगडून सांगे की कधी मैदानात न उतरलेल्या बायकासुद्धा घरी जाताना पकडीवरून वाद घालायच्या. कर्जत-खालापुरात त्याच्याशिवाय स्पर्धा भरेना.

चौऱ्याऐंशी साली मुंबईच्या टीव्ही केंद्रावर खेळाच्या चर्चेला त्याला बोलावलं. पोशीरच्या पंचायतीत एकच संच, त्यापुढं अख्खं गाव. मीही गेलो होतो. हिरामणनं दोन वाक्यं पुस्तकी मराठीत म्हटली, अडखळला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मी आमच्या बोलीत सांगतो." ते लोकांना इतकं भावलं की त्याला पुन्हा पुन्हा बोलावणं येत गेलं.

एकदा निवेदकानं विचारलं, "सध्या तुमच्या भागात उत्तम चढाई कुणाची?"

"जनाची. कशेळ्याची पोर हाय."

"नाही, आपण पुरुषांच्या सामन्यांबद्दल बोलतोय."

"तुमी चढाई इचारलीत, मी सांगितली. तिच्या संघाला कोन मैदान देत नाय. भात कापल्यावर शेतात खेळतात, धसकटांनी पाय फाटतात. ते दाखवा की एकदा!" त्यानं टेबलावर हात आपटला, तसा समोरचा माइक उडाला.

इकडं पंचायतीत संचापुढं बसलेले सरपंच पुटपुटले, "आवाज लईच चढला ह्याचा."

"आज चढू द्या," सुंदरा म्हणाली.

पुढच्या हंगामात कशेळ्याला मुलींचा सामना ठरला. चुन्यानं आखलेलं पक्कं मैदान, आणि मुंबईहून आलेला कॅमेरा. जनानं पहिल्याच चढाईत तिघींना टिपलं. हिरामण माइक धरून नुसता उभा राहिला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरं, बोल की रं!" तेव्हा कुठं तो बोलला, आणि गुण चुकीचे सांगितले. मी खालून तीन बोटं दाखवली.